नानांनी पाहिलेलं ओसाका

आमचे शेजारी दत्तूनाना गेल्या पावसाळ्यात झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. मला नवल वाटलं नाही. उभ्या आयुष्यात झोप ही एकच गोष्ट अशी होती, की जिची नानांना भीती वाटत नसे. बाकी सगळीकडून त्यांनी पक्का बंदोबस्त करून ठेवला होता. यमाला आत शिरायला तेवढी एक खिडकी उघडी सापडली.

बाकी सगळं म्हणजे अक्षरशः सगळं. गॅस, वीज, लिफ्ट, गाय, गायीच्या मागून येणारी रिक्षा, न उकळलेलं पाणी, अनोळखी नंबरवरून आलेला फोन आणि ओळखीच्या नंबरवरून भलत्या वेळी आलेला फोन. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरचं घर त्यांचं. त्या घराचं दार उघडताना इतक्या कड्या वाजायच्या, की पाहुणा आत जाईपर्यंत चहा थंड व्हायचा. चहा आत असायचा आणि पाहुणा बाहेर, ही गोष्ट वेगळी.

नाना बाहेर निघाले की कुलूप ओढून बघायचे. मग गल्लीच्या टोकावरून परत यायचे आणि पुन्हा ओढून बघायचे. एका श्रावणात सुलोचनाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्र्यंबकला जायचं होतं. रिक्षा दारात उभी. नानांनी तिसऱ्या खेपेला कुलूप असं काही ओढलं, की कुलूप, कडी, कोयंडा आणि चौकटीचा वीतभर लाकडाचा तुकडा त्यांच्या हातात आला. आता घर उघडं टाकून कसं जाणार? रिक्षा परत गेली. काकू पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सुधीर, लग्न झाल्यापासून मी त्र्यंबकला निघालेय. अजून पोचायचीय."

नाशिकपासून त्र्यंबक जेमतेम तासाभराच्या वाटेवर, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्यावर हसू येईल. मीही हसलो होतो.

गोदावरीला पूर आला की अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे डोळे लावून बसतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या येतात. मारुतीच्या गुडघ्याला पाणी टेकलं रे टेकलं, की नानांच्या घरातलं गव्हाचं पिंप माळ्यावर चढायचं. आता गंगाघाट कुठे आणि सिडको कुठे! नदीला आमच्याकडे यायचं तर अर्धं शहर गिळून, चढ चढून, मुंबई नाक्याच्या गर्दीतून वाट काढावी लागेल. तिथे माणसाला वाट मिळत नाही, नदीला कोण देतंय! पण नाना ऐकायचे नाहीत. पिंप चढवताना खालून धरायला मी असायचो, त्यामुळे पुराची थोडी भीती मलाही बसली ती कायमची.

बिबट्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तो खरंच येतो. एकदा दोन गल्ल्या सोडून कुणाच्या तरी पोर्चमध्ये दिसला. वनखात्याने पकडून नेला, पेपरात फोटो आला, लोक विसरले. नानांनी काकूंचं सकाळचं फिरायला जाणं बंद केलं ते केलंच. पुढे कित्येक महिने काकू गच्चीवर फेऱ्या मारायच्या आणि नाना जिन्याच्या दारात काठी घेऊन उभे.

"अहो नाना, गच्चीवर कुठला बिबट्या?" मी खालून विचारलं.

"मांजराच्याच जातीचा आहे तो," नाना वरून म्हणाले.

आणि अशा माणसाने नोकरी कुठे केली, तर ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात! देवानेही कधीकधी माणूस आणि खुर्ची यांची मापं बरोबर घेतलेली असतात. दुसऱ्याने तपासलेलं नाना पुन्हा तपासायचे, स्वतः तपासलेलं तर दोनदा. विमानावर नानांची सही झाली की त्याला वीज घाबरते, असं तिथले लोक म्हणत. पण स्वतः नाना कधी विमानात बसले नव्हते. "आतून बघितलंय मी ते," एवढंच म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा पुण्याच्या मुलाने दोघांना जपानची सहल भेट दिली. पत्ता चुकून बॉम्ब घरात आला असावा तसे नाना त्या पाकिटाकडे बघत राहिले. आधी त्यांना ताप आला, मग पाठ धरली, मग जपान समुद्रात बुडतोय असं त्यांनी कुठेतरी वाचलं. काकू सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन."

जगातल्या सगळ्या भीती त्या वाक्यापुढे मागच्या बाकावर गेल्या. नाना निघाले. सोबत म्हणून मला आणि माझ्या बायकोला, वंदनाला, पैसे भरायला लावले.

विमानात नाना रात्रभर खिडकीतून पंखाकडे टक लावून बसले होते. ते विमान जपानला पोचलं त्याचं श्रेय लोक वैमानिकाला देतात. मी शेजारी होतो, मला माहीत आहे. पुढचे दिवस बसमधून हिंडण्याचे होते. नाना ड्रायव्हरच्या मागची जागा धरून त्याच्या पायाकडे बघत बसायचे. तो ब्रेक मारायचा त्याच्या आधी नानांचा पाय दाबलेला असायचा. बाहेर डोंगर, देवळं, बागा सरकत होत्या. "अहो, बघा ना!" काकू म्हणायच्या. "तू बघ. मी रस्ता बघतोय," नाना म्हणायचे.

सहलीचा शेवटचा टप्पा ओसाका. मुक्काम अगदी थोडा. संध्याकाळी पोचायचं, मधला एक दिवस मोकळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. एवढ्या अवाढव्य शहरासाठी एकच दिवस! आमच्या सहलीची म्होरकी मृणाल म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. तिने सांगितलं, "काकाकाकू, एका दिवसात सगळं बघायला जाऊ नका. एकच काहीतरी निवडा आणि मनसोक्त बघा."

नानांनी हॉटेलची लॉबी निवडली. तीही दाराजवळची.

भूकंप झाला तर काय करायचं, याचं चित्र खोलीच्या दारामागे लावलेलं होतं. ते वाचून नाना रात्री बूट घालून झोपले. सकाळी त्यांच्या कमरेला एक पट्ट्याचा पाऊच दिसला, पोटाबाहेर दुसरं पोट आल्यासारखा. दोघांचे पासपोर्ट त्यात, दोघांचे पैसे त्यात, हॉटेलचं कार्ड, काकूंच्या मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, साखर उतरली तर चघळायच्या लिमलेटच्या गोळ्या आणि काकूंचा फोनसुद्धा त्यातच.

"काकूंचा फोन काकूंकडे नको?" वंदनाने विचारलं.

"हरवेल. माझ्याकडे सगळं सुरक्षित आहे," नाना पाऊचवर थाप मारून म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही लॉबीत बसून ओसाका पाहिलं. म्हणजे काचेच्या दारातून आत येणारी माणसं पाहिली. मग वंदना उठली, काकूंच्या हाताला धरून म्हणाली, "स्टेशनच्या खाली बाजार आहे. रस्ता ओलांडायचा नाही, ऊन नाही, गाड्या नाहीत. चला." नानांना नाही म्हणायला कारण सुचेपर्यंत त्या दोघी दाराबाहेर होत्या.

तो बाजार मी काय सांगू! शालिमारपासून पंचवटीपर्यंतचं नाशिक घडी घालून जमिनीत पुरलं, तर त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. आत शिरलेले तरुण नातवाचं बोट धरून बाहेर येतात, असं मृणालने सांगितलं होतं. म्हणजे, लोक वाट चुकतात एवढंच ती म्हणाली होती; नातवाची भर माझी. पण मला खरी धडकी भरली ती गर्दीची. आपल्याकडे गर्दी आरडाओरडा करते, म्हणून ती आपली वाटते. ही गर्दी गप्प. हजारो माणसं चाललीयेत आणि ऐकू येतोय फक्त बुटांचा आवाज. त्या आवाजात थोडा वेळ चाललं की आपणही या जगात आहोत की नाही, अशी शंका यायला लागते.

नानांनी काकूंचं मनगट घट्ट धरलं होतं. एका वळणावर भिंतीवर तळघराचा नकाशा होता, आणीबाणीत बाहेर पडायचे मार्ग लाल रेघांनी दाखवलेले. नाना थांबले. असा नकाशा दिसला आणि नानांनी वाचला नाही असं कधी झालेलं नव्हतं. वाचायला चष्मा हवा. चष्मा खिशात, त्याची डबी घट्ट. ती उघडायला दोन्ही हात लागतात.

नकाशा वाचून झाला. नाना वळले. मनगट धरायला हात मागे नेला आणि तो हात तसाच हवेत राहिला.

काकू नव्हत्या.

मी आणि वंदना शेजारच्या दुकानात हातपंखे बघत होतो. आम्हाला वाटलं, काकू नानांबरोबर आहेत. नानांना वाटलं, आमच्याबरोबर आहेत. त्या पाच-दहा पावलांच्या जागेत आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

मी काकूंना फोन लावला. सनईची धून वाजली. नानांच्या पोटावर.

नाना खाली पाऊचकडे बघत होते. सनई वाजतेय, वाजतेय, आणि त्यांचा चेहरा कागदासारखा होत चाललाय. पैसे पोटावर, पासपोर्ट पोटावर, हॉटेलचा पत्ता पोटावर. या परक्या शहरात ती बाई कुठे उतरलीय हे कुणी तिला विचारलं असतं, तर दाखवायला तिच्याजवळ नेसूच्या साडीशिवाय काही नव्हतं.

"सुधीर," नाना म्हणाले, "सकाळी इन्सुलिन दिलंय तिला. दुपारचं खाणं राहिलंय."

मला ते आठवलं. दोन वर्षांपूर्वी असंच जेवण लांबलं आणि काकू ओट्यापाशी कोसळल्या होत्या. मीच उचलून गाडीत घातलं होतं त्यांना. थंडगार घामेजलेला हात, डोळे उघडे आणि ओळख नाही. आता तशा कुठे या बुटांच्या गर्दीत पडल्या तर?

आम्ही धावत सुटलो. या बोळातून त्या बोळात. प्रत्येक बोळ मघाच्याच बोळासारखा. वंदना "काकू, काकू" म्हणत पुढे. नानांनी तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. चार दिवस नानाच आम्हाला बजावत होते, इथे मोठ्याने बोलायचं नाही, पोलीस धरतात. माणूस ओरडायला जातो आणि आत काहीतरी त्याचा गळा धरतं, हे मी तेव्हा समोर पाहिलं. खूप वाईट दिसतं ते. त्या क्षणी नानांच्या भीतीवर मी आयुष्यात जेवढे विनोद केले होते, ते सगळे मला कडू लागले.

मृणालला फोन केला. ती बाकीच्या मंडळींना घेऊन किल्ल्यावर होती. "मी निघते. तोवर तुम्ही चौकशीच्या खिडकीवर जा, फोन तिथल्या मुलीला द्या, मी बोलते," ती म्हणाली.

खिडकीत गोल टोपी घातलेली एक मुलगी होती. तिने फोनवर मृणालचं ऐकून घेतलं, तीन वेळा मान झुकवली आणि माईकवर सांगितलं. आधी जपानीत, मग इंग्रजीत. मिसेस सुलोचना, आपली माणसं आपली वाट बघताहेत. उच्चार इतका स्वच्छ, की नाशिकरोडच्या स्टेशनवर बसवावी. आम्ही वाट बघितली. पुन्हा सांगितलं. पुन्हा वाट बघितली. बूट वाजत राहिले.

"नाना," वंदना एकदम म्हणाली, "काकूंना सुलोचना म्हणून कोण हाक मारतं?"

नाना तिच्याकडे वळले. "कोणी नाही."

"म्हणजे?"

"लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलं होतं मी अंगठीने. त्यानंतर ते नाव फक्त रेशनकार्डावर आणि पासपोर्टावर. मी आपला..." नाना थांबले. त्यांनी खिडकीतल्या मुलीकडे बघितलं, मग माईककडे. आणि मग, लिफ्टचं बटण दाबायला शेजाऱ्याला बोलावणाऱ्या माणसाने, काचेखालून हात घालून तो माईक मागितला.

मुलगी दचकली. तिथे तसला नियम नसणार. पण नानांनी हात मागे घेतला नाही. तिने मान झुकवली आणि माईक त्यांच्याकडे वळवला.

"अगं!" नाना ओरडले.

ओसाकाच्या पोटात तो आवाज असा घुमला, की मला वाटलं आता छताचं प्लास्टर पडणार. गर्दी थांबली. मी शपथेवर सांगतो, बूट थांबले.

"अगं ए! ऐकलंस का? मी आहे. अगं, काहीतरी खा आधी! समोर असेल ते खा! कोणाचंही खा, पैसे मी देतो! घाम आला का? हात थरथरतायत का? खाली बस. नाही, बसू नकोस, तुडवतील. भिंतीला टेकून उभी राहा. मी रागावलेलो नाही. अगं, मी अजिबात रागावलेलो नाही!"

एवढं बोलून नानांनी माईक कानाला लावला.

उत्तर ऐकायला. तसेच उभे राहिले, डोळे मिटून, माईक कानाशी घट्ट धरून. टोपीवाल्या मुलीला मराठीचं अक्षर कळलं नव्हतं, पण तिने ओठ दातांत धरले आणि तोंड फिरवलं. मी भिंतीकडे बघायला लागलो.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग गर्दीतून काकू आल्या. शेजारी जांभळ्या टोपीतली एक जपानी आजी, काकूंच्या वयाची, त्यांच्या कोपराला धरून. काकूंच्या हातात कागदाची होडी, होडीत भज्यांसारखे गोळे, एक गाल फुगलेला.

"एवढं ओरडायला काय झालं?" काकू म्हणाल्या. "सगळे बघत होते."

"कुठे होतीस?" नानांच्या तोंडून एवढंच आलं. त्यांनी तिथल्या तिथे पाऊच उघडून लिमलेटची गोळी काढली आणि काकूंच्या हातावर ठेवली. ती खाली पडली. दुसरी काढली.

"खाल्लंय मी. या बाईंनी दिलं. आत काय होतं ते विचारू नका, मीही विचारलं नाही." होडीतल्या गोळ्यांत ऑक्टोपस असतो, हे वंदनाला माहीत होतं. तिने तोंड उघडलं, तसा मी तिला असा चिमटा काढला की तो वण अजून आहे म्हणते. काकूंनी लग्नापासून अंडंही खाल्लेलं नव्हतं.

"अगं पण हरवलीस कशी तू?" नाना म्हणाले.

काकूंनी घास गिळला. "हरवले नव्हते. बघायला गेले होते."

"काय?"

"काहीही. तुम्ही बाहेर पडायचा रस्ता वाचत होतात. मी त्या रस्त्याने बाहेर पडले." त्यांनी होडी वंदनाच्या हातात दिली. "वर केवढं मोठं आकाश आहे, अहो. आणि एका इमारतीच्या डोक्यावर लाल पाळणा आहे, जत्रेतला असतो ना तसा, पण केवढा! उद्या आपण परत जाणार. मग पुन्हा तीन कड्या. मला वाटलं, एक गोष्ट तरी बघून घ्यावी. मलाही भीती वाटली हो. परत यायला वळले तर सगळी दारं सारखीच. मग तुमचा आवाज आला. त्याच्यामागे मागे आले."

मला वाटलं आता नाना काकूंचं मनगट धरणार आणि विमानापर्यंत सोडणार नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"कुठाय तो पाळणा?" ते म्हणाले.

काकू सापडल्याचं मृणालला फोनवर कळवलं आणि त्या आजींनीच आम्हाला नेलं. मजल्यामागून मजला सरकत्या जिन्याने चढून आम्ही त्याच्या पायथ्याशी उभे राहिलो, आणि मी सरळ सांगतो, माझी काही हिंमत झाली नाही. लाल लोखंडाचं ते चाक इमारतीच्या गच्चीतून वर गेलेलं. वंदनालाही एकदम पाय दुखत असल्याचं आठवलं. तिकीट देणाऱ्या मुलीने काचेच्या खोलीचं दार उघडलं. खोली थांबत नव्हती. ती सरकत होती आणि सरकत्या खोलीतच पाऊल टाकायचं होतं. काकू टुणकन आत गेल्या. नाना बाहेर. खोली पुढे चाललेली.

"अहो!" काकू म्हणाल्या.

नाना दोन पावलं तिच्या बाजूने चालले. ओठ हलत होते, देवाचं नाव होतं की शिवी, माहीत नाही. मग त्यांनी डोळे गच्च मिटले आणि आत पाऊल टाकलं. मुलीने बाहेरून दार लावलं. खट्ट.

खोली वर चढायला लागली. नाना बाकावर ताठ बसलेले, दोन्ही हातांनी बाकाची कड धरलेली, डोळे मिटलेले. समोर काकू काचेला नाक लावून. त्या काहीतरी बोलत होत्या, बोटाने दाखवत होत्या. मग त्यांनी मागे वळून बघितलं. हात लांब करून त्यांनी नानांची हनुवटी धरली आणि त्यांचा चेहरा हळूच काचेकडे वळवला.

तेवढ्यात काचेवर ऊन पडलं. नानांनी डोळे उघडले की नाही, ते खालून दिसलं नाही.